बत्तीस नारिंगी रेघा

१

एकशे शहाऐंशी होतं. एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. मधलं कार्ड नव्हतं.

रोवेना टॅगार्टने पत्र्याच्या डब्यातली कार्डं तिसऱ्यांदा चाळली. तिच्या वडिलांचं, ऑर्सन टॅगार्टचं, अक्षर उभं आणि सुटं होतं. जणू प्रत्येक अक्षर वेगळं आवळून बसवलेलं. बावीस जानेवारीला ते गेले. आता एप्रिलचा तिसरा आठवडा होता, आणि त्या अक्षराकडे न थांबता बघता येण्याइतपत ती सावरली होती.

प्रत्येक कार्डावर तोच मजकूर होता. 'ही चाकं खडकांसाठी आहेत. डांबरी रस्त्यावर मी ती चालवणार नाही. पहिल्या पन्नास मैलांनंतर बोल्ट तपासायला आणीन. गाडी विकली तर घेणाऱ्यालाही हे सांगेन.' खाली गिऱ्हाइकाची सही. सही झाल्याशिवाय ऑर्सन चाकाला हात लावू देत नसत.

"सापडलं?" लॅव्हारने दारातून विचारलं. चौदा वर्षं तो या दुकानात ऑर्सनचा भागीदार होता.

"नाही."

"मग मेलो आपण." तो थबकला. "म्हणजे तसं नाही गं, पोरी. बोलण्याची पद्धत."

"कळलं. कार्ड शेवटचं कधी पाहिलंत?"

"बुधवारी सकाळी. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. मी स्वतः बघून परत ठेवलं."

बाहेर रस्त्यावर जीपगाड्यांची रांग हॉर्न वाजवत चालली होती. युटाच्या त्या लाल खडकांच्या गावात, सेडर फोर्कमध्ये, वसंत मेळावा भरला होता. आठवडाभर चार राज्यांतल्या गाड्या येत, झेंडे लावून फिरत आणि उभ्या कड्यांवर चढत. ऑर्सनने हयातभर त्या गाड्यांसाठी बीडलॉक चाकं बनवली. टायरची कड रिम आणि वरची धातूची रिंग यांच्यामध्ये बत्तीस बोल्टांनी आवळायची. मग टायरमधली हवा जवळजवळ सगळी सोडली तरी तो रिमवरून निसटत नाही, आणि मऊ पडलेला टायर खडकाला पंजासारखा धरतो. पण अशा चाकांवर रस्त्याच्या मान्यतेचा शिक्का नसतो. बोल्ट ढिले पडले आणि कुणी बघितलं नाही, तर हमरस्त्यावर रिंग उघडते. कायदा राज्यागणिक बदलतो, आणि गिऱ्हाइकं त्यावर वाद घालायची. ऑर्सन म्हणायचे, "कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा. चाक काय म्हणतं ते मी सांगतो."

मंगळवारी दुपारी हमरस्त्यावर एका जीपच्या पुढच्या डाव्या चाकाची रिंग उघडली. जीप उलटली. चालवणारा दंतवैद्य वाचला, पण त्याचं कंबरेचं हाड मोडलं. चाकांच्या संचावर ऑर्सनचा क्रमांक होता : एकशे सत्याऐंशी. विमा कंपनीचा माणूस येऊन गेला आणि गावभर झालं, की म्हाताऱ्याने बिनशिक्क्याची चाकं रस्त्यावर चालवायला दिली, तीही ढिली.

उद्या मेळाव्यात नव्या खडकवाटेचं उद्घाटन होतं. तिला 'ऑर्सनची शिडी' नाव द्यायचं ठरलं होतं. ते नाव काढायचं का, यावर आज दुपारी बारा वाजता क्लबमध्ये मतदान होतं.

सकाळचे साडेसात वाजले होते.

"बुधवारपासून या खोलीत कोण कोण आलं?"

लॅव्हारने बोटांवर मोजलं. "विमावाला. ब्रिटा लुंड, सांत्वनाला म्हणून, पण डोळे सगळे यंत्रांवर. आणि हायरम, बटाट्यांचं भांडं घेऊन."

"आणि तुम्ही."

"आणि मी," लॅव्हार म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

२

रोवेना दवाखान्याकडे पायी निघाली होती, तेवढ्यात शेजारी एक जुना पिकअप थांबला.

"बस, पोरी. सोडतो."

हायरम कोल्बी क्लबचा अध्यक्ष होता आणि ऑर्सनचा चाळीस वर्षांचा मित्र. ती त्याला लहानपणापासून काका म्हणत आली होती. अंत्यविधीत त्यानेच भाषण केलं होतं.

"बटाटे खाल्लेस?"

"दोनदा, काका. फ्रिजमध्ये अजून तीन घरचे आहेत. या गावात कुणावर वाईट वेळ आली की बटाट्यांचं पीक येतं."

तो हसला. मग गंभीर झाला. "मी नाव काढायच्या बाजूने हात वर करणार नाही, एवढं सांगतो. पण लोकांना अडवणं माझ्या हातात नाही."

"ती जीप तुमचीच होती ना?"

"तीन आठवड्यांपूर्वी विकली त्या फीनिक्सच्या दंतवैद्याला. गुडघे साथ देत नाहीत आता." त्याने गिअर बदलला. "चाकं ऑक्टोबरात तुझ्या बाबाने जशी हातात दिली, तशीच्या तशी दिली मी. एका बोल्टलाही हात लावला नाही. देवाशपथ."

"मग ढिली कशी पडली?"

हायरमने समोरच्या लाल कड्याकडे पाहिलं. "त्याचं वय झालं होतं, रो. शेवटी शेवटी हात कापायचा त्याचा. कुणी बोलत नव्हतं, एवढंच."

रोवेनाने काचेतून बाहेर पाहिलं. ती सॉल्ट लेकच्या ग्रंथालयात काम करायची. शेवटच्या वर्षात दोनदाच घरी आली होती. बाबांचा हात कापायचा की नाही, तिला माहीत नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दवाखान्यात तो दंतवैद्य, ग्रेडी पोल्क, पाय टांगून पडला होता. औषधांनी त्याचे डोळे जड झाले होते.

"तुमचे दात फार सुंदर आहेत," तो म्हणाला. "माफ करा. सवय आहे."

"मी ऑर्सन टॅगार्टची मुलगी."

"अरे बाप रे. मग मी दातांचं बोलायला नको होतं."

"बोला हो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की ही चाकं रस्त्यावर चालवायची नाहीत?"

"कुणीच नाही! मी तर नाव ऐकूनच गाडी घेतली. ते काका म्हणाले, खुद्द ऑर्सनच्या हातची चाकं, ऑक्टोबरपासून कुणी शिवलेलं नाही. म्हटलं, वा! मंगळवारी खडकांवर नुसती मजा केली, मग किराणा आणायला हमरस्त्याला लागलो..." त्याने हाताने गाडी उलटी करून दाखवली आणि कळवळला.

"बोल्टांवरच्या नारिंगी रेघा आठवतात?"

ऑर्सनची ही रीत होती. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून रिंगवर एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बत्तीस बोल्ट, बत्तीस रेघा.

"आठवतात की. तीन चाकांवर होत्या. चौथं कोरं होतं. म्हटलं, असेल काही फॅशन."

विमावाल्याने काढलेला फोटो तिच्या पिशवीत होता. तिने तो काढून पुन्हा पाहिला. मोडलेल्या डाव्या चाकावर, उरलेल्या प्रत्येक बोल्टवर, नारिंगी रेघ होती.

३

"या, या, राणीसाहेब," ब्रिटा लुंड म्हणाली. "माझ्या दुकानात टॅगार्टांचे पाय! आज सूर्य कुठून उगवला?"

ब्रिटा आणि रोवेना एका वर्गात होत्या. शाळेत त्यांचं कधी पटलं नाही. ब्रिटाच्या दुकानात मान्यतेचा शिक्का असलेली चाकं मिळायची, आणि गावातली एकमेव क्रेनगाडी तिचीच होती. उलटलेली जीप तिच्याच आवारात आणून ठेवली होती.

"मला चाक बघायचंय."

"तुझ्याआधी सगळं गाव बघून गेलंय. बुधवारी लॅव्हार येऊन रडून गेला. मग हायरम आला, टोपी हातात धरून कितीतरी वेळ बसून होता. गुरुवारी विमावाला. आणि मी तर इथेच असते, मला विसरू नकोस. तुझ्या बापाचा धंदा बुडाला तर फायदा माझाच."

"विसरले नाहीये."

"शहाणी आहेस."

चाक आडवं पडलं होतं. अकरा बोल्ट तुटून गेले होते, एकवीस उरले होते. रोवेना गुडघ्यांवर बसली आणि तिने एका बोल्टला बोट लावलं. तो सहज फिरला. दुसराही. सगळेच ढिले होते. बोल्टांची डोकी रिंगपासून केसभर वर उठली होती.

आणि तिने हात लावेपर्यंत प्रत्येक रेघ सरळ, अखंड होती.

"ब्रिटा, इकडे ये. हे बघ. बोल्ट ढिला पडला म्हणजे फिरला. फिरला म्हणजे रेघ तुटायला हवी."

"हवी." ब्रिटाही खाली बसली. तिने खिशातली छोटी बॅटरी काढून बोल्टच्या डोक्याखाली प्रकाश टाकला. "अगं, रंग खाली आट्यांवर ओघळलाय! बोल्ट घट्ट असता तर तिथे रंग पोचलाच नसता."

"म्हणजे रेघा ओढल्या तेव्हा बोल्ट आधीच ढिले होते."

"म्हणजे अपघातानंतर!" ब्रिटाचा आवाज चढला. "माझ्या आवारात! माझ्या नाकाखाली!"

रोवेना उठून जीपच्या दुसऱ्या चाकाकडे गेली. तिथल्या रेघा उन्हात चमकत होत्या, अगदी बारीक चमचम. पुन्हा मोडलेलं चाक पाहिलं. तिथला रंग साधा, निस्तेज.

"त्या चमकणाऱ्या रेघा रंगाच्या नाहीतच," ब्रिटा मागून म्हणाली. "ती नेलपॉलिश आहे. तुझी ती भयानक चमकीची नारिंगी, दहावीतली. लांबून दिसायचीस तू. मी तर पहिल्याच दिवशी ओळखली."

रोवेनाने एका चमकत्या रेघेवरून बोट फिरवलं. कॉलेजला जाताना तिने बाथरूमच्या कपाटात बाटल्यांचा एक अख्खा खोका मागे ठेवला होता. बाबांनी तो टाकला नव्हता. गेली वीस वर्षं, बोल्टामागून बोल्ट, ते तो पुरवून वापरत होते.

"रडणार असशील तर रुमाल देते," ब्रिटा जरा हळू म्हणाली. "पण आधी विचार कर. अकरा वाजायला आलेत."

"करतेय." रोवेनाने श्वास घेतला. "ग्रेडी म्हणतो, गाडी घेतली तेव्हाच हे चाक कोरं होतं. म्हणजे आधी कुणीतरी रिंग उघडली होती. माणूस रिंग कशासाठी उघडतो?"

"टायर बदलायला. दुसरं कारणच नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"याची जन्मतारीख कुठेय?" रोवेना म्हणाली.

लहानपणी दर रविवारी चर्च सुटल्यावर बाबा तिला गाड्यांच्या रांगेतून फिरवायचे. टायरच्या कडेवर अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : कितवा आठवडा, कोणतं वर्ष. जो आधी वाचेल तो जिंकला. बाकीच्या मुली फ्रॉक सांभाळत उभ्या असत आणि ती टायरखाली डोकं घालून ओरडत असे, "बाबा, हा माझ्याहून मोठा आहे!"

"वरच्या बाजूला नाही," ब्रिटा म्हणाली. "पूर्ण आकडा एकाच अंगाला असतो. हा आतल्या अंगाला गेलाय. चल, धर. एक, दोन..."

दोघींनी ते जड चाक उलटं केलं. ब्रिटाने आपल्या लोंबणाऱ्या शर्टाच्या टोकाने चिखल पुसला. मान्यतेच्या शिक्क्याची लांब ओळ दिसली. सगळं गाव तीन दिवस रिमवर नसलेला शिक्का शोधत होतं. टायरवर असलेला कुणीच वाचला नव्हता.

रोवेनाने शेवटचे चार आकडे वाचले. मग पुन्हा वाचले, मोठ्याने.

४

क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीडएकशे माणसं दाटीवाटीने उभी होती. बाराला पाच मिनिटं कमी असताना रोवेना आणि ब्रिटा ते चाक ढकलत आत शिरल्या. ब्रिटा लुंड टॅगार्टांचं चाक ढकलतेय, हे पाहून अर्धं शेड गप्प झालं.

"हायरमकाका, मतदानाच्या आधी मला दहा मिनिटं द्या."

टेबलामागून हायरमने मान डोलावली.

दोघींनी चाक आतली बाजू वर करून टेबलापुढे आडवं केलं. रोवेनाचा आवाज स्वच्छ निघाला.

"या चाकाचे बोल्ट माझ्या वडिलांनी आवळले, असं सगळे धरून चाललेत. हा टायर बघा. शून्य सहा, पंचवीस. या वर्षीचा सहावा आठवडा. म्हणजे फेब्रुवारी." ती थांबली. "माझे वडील जानेवारीत गेले. हा टायर जन्मला तेव्हा ते या जगात नव्हते."

शेडमध्ये गलका उठला. कुणीतरी पुढे येऊन गुडघे टेकून आकडे वाचले आणि हात वर करून ओरडला, "बरोबर आहे! सहावा आठवडा!"

"रिंग उघडल्याशिवाय टायर बदलत नाही. म्हणून हे बोल्ट त्यांच्यानंतर दुसऱ्या कुणीतरी आवळले, आणि अपघातानंतर, ढिल्या बोल्टांवर, रेघा रंगवल्या. ते काम त्यांचं दिसावं म्हणून. ग्रेडी पोल्क मंगळवारपासून खाटेवर आहे, तो नाही. विमावाल्याला या रेघांशी घेणंदेणं नाही. उरले तिघं."

"मी मोजलं तर मीही आले त्यात," ब्रिटा म्हणाली.

"पण बाबांच्या खऱ्या रेघा नेलपॉलिशच्या असतात, हे ब्रिटाने ओळखलं होतं. खोटी रेघ ओढायची असती तर तिने साधा रंग वापरला नसता. लॅव्हार?"

लॅव्हार लाल झाला. "मला माहीत नसेल का? बाटल्या संपत आल्या तेव्हा त्यांनी मलाच दुकानात पाठवलं होतं. ती पोरगी म्हणाली, काका, तुमच्या रंगाला हा जाणार नाही. हात हलवत परत आलो मी."

हशा पिकला आणि लगेच विरला.

"शेवटची बाटली अजून बाकावरच आहे," लॅव्हार पुढे म्हणाला. "मी केलं असतं तर तीच उचलली असती."

"म्हणजे रेघा ओढणाऱ्याला त्या रेघा माहीत होत्या, पण बाटली माहीत नव्हती," रोवेना म्हणाली. "बुधवारी तो ब्रिटाच्या आवारात बसला होता. त्याच दिवशी आमच्या दुकानात आला होता, आणि त्यानंतर कार्ड नाहीसं झालं. आणि आज सकाळी त्याने मला सांगितलं, की ऑक्टोबरपासून त्याने एका बोल्टलाही हात लावलेला नाही."

तिने नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. हायरम कोल्बी टेबलाला धरून हळूच उभा राहिला.

"मार्चमध्ये खडकाने टायर चिरला," तो म्हणाला. "लॅव्हारकडे मेळाव्याची गर्दी. म्हटलं, त्यात काय मोठंसं. कोठारात हवेच्या गनने नवे बोल्ट मारले, गोल गोल, दहा मिनिटांत. ऑर्सन समोरासमोरचे बोल्ट घ्यायचा, हाताने, तीन फेऱ्यांत. तास लावायचा. मी हसायचो त्याला." त्याने ओठ पुसले. "पन्नास मैलांनंतर बघितलंही नाही. आणि त्या दंतवैद्याला सांगणार होतो, पण तो इतका खूश होता..."

"त्याचा जीव गेला असता, हायरम!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माहीत आहे. रोज रात्री ती जीप उलटते माझ्या डोळ्यांपुढे." तो रोवेनाकडे वळला. "मला वाटलं, पोरी, गेलेल्या माणसाला काय लागणार?"

"मला लागलं," रोवेना म्हणाली.

हायरमने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हात कापायचा त्यांचा?" तिने विचारलं.

हायरमने मान हलवली. "कधीच नाही. ते मी... ते खोटं होतं."

त्याने शर्टच्या खिशातून घडी घातलेलं कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. एकशे सत्याऐंशी. पुढे हायरमची सही होती. मागे त्या उभ्या, सुट्या अक्षरात एक ओळ : 'हायरम, आळस करू नकोस. पन्नास मैलांनी आण. खालची माझी चाकं आहेत, वरचा माझा मित्र आहे.'

"जाळायला काढलं होतं," हायरम म्हणाला. "नाही जाळता आलं. त्या दंतवैद्याकडे आणि विमावाल्याकडे आत्ता जातो मी. माझ्या तोंडाने सांगतो."

तो टोपी न घेताच बाहेर पडला. टेबलामागची खुर्ची रिकामी राहिली. मग लॅव्हारने खाकरून विचारलं, "तर मग, नाव काढायचं म्हणणारे, हात वर."

एकही हात वर गेला नाही.

५

शनिवारी सकाळी शिडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत लागली होती. चढण्याआधी सगळ्यांनी एकदमच टायरमधली हवा सोडायला घेतली, आणि कड्याखाली शेकडो व्हॉल्व्हचा फुस्स असा लांब आवाज भरून राहिला. रोवेनाला लहानपणी हा आवाज फार आवडायचा.

'ऑर्सनची शिडी' लिहिलेल्या पाटीला चार बोल्ट होते. लॅव्हार ते हाताने आवळत होता. आधी एक, मग त्याच्या समोरचा. तीन फेऱ्या.

रोवेनाने बाटली काढली. तळाशी जेमतेम थर उरला होता, तोही घट्ट झालेला. ब्रिटाने पुढे होऊन त्यात रिमूव्हरचे चार थेंब टाकले.

"शाळेतच सांगितलं होतं तुला, हा रंग तुला शोभत नाही."

"हो ना. त्यांना शोभायचा."

तिने चार रेघा ओढल्या. बोल्टच्या डोक्यावरून पाटीवर, बारीक, सरळ. ऊन पडल्याबरोबर त्या चमकल्या. बाटलीत काही उरलं नाही, तरी तिने झाकण घट्ट लावलं आणि ती खिशात ठेवली.

"पन्नास मैलांनी तपासायला हवं," लॅव्हार म्हणाला.

"पाटी कुठे चालणार आहे पन्नास मैल?"

"मग पन्नास दिवसांनी. नियम म्हणजे नियम." त्याने तिच्याकडे न बघता पाना पुसला. "आणि माझ्या डोळ्यांना आता बारीक रेघा दिसत नाहीत. तुलाच यावं लागेल."

पहिल्या गाडीने हॉर्न दिला. मऊ टायरने खडकावर पंजा रोवला आणि गाडी वर चढू लागली.

"येईन," रोवेना म्हणाली.